एक कोयना पोरं नेते, दुसरी पाणी आणते

*ताई, मी सांगलीत गावभागात राहते. वय ५८. एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आमचं घर गजबजलेलं असतं. पुण्याचा मुलगा, सून, त्यांची दोन मुलं, ठाण्याची लेक आणि तिची मुलगी, शिवाय नणंदेकडची तिघं. यंदा ११ पानं होती. खरं सांगू? २० मेनंतर मी दिनदर्शिकेवर दिवस मोजत होते. उकाडा, शेगडीची धग, रोजच्या ४० पोळ्या. कधी एकदा ही मंडळी जातील आणि कधी एकदा पाऊस पडेल, असं झालं होतं. मग सगळ्यांना कोयना एक्सप्रेसला बसवून आले आणि घरात पाऊल टाकल्यावर रडूच फुटलं. जाताना थोरला नातू (आता आठवीत गेला) म्हणाला, 'आजी, पुढच्या मेमध्ये मला क्लास आहे, जमणार नाही.' मागच्या दारी त्याने पुरलेल्या आंब्याच्या कोयी तेवढ्या राहिल्यात. त्यात आता ढग भरून यायला लागले. २०१९ला आमच्या खालच्या मजल्यात छातीभर पाणी होतं. पाऊस आला की लोक खूश होतात, माझ्या पोटात गोळा येतो. आणि परवा वळीव आला तर मीच मागच्या दारात उभी राहून चक्क भिजले! मला नक्की काय हवंय तेच कळेना. हे वयामुळे होतंय का?*

*– गावभागातली एक आजी*

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही. वयाने गुडघे धरतात, चष्म्याचा नंबर वाढतो. पाहुणे जाताना हायसं वाटणं आणि पाठोपाठ रडू येणं हे मी पंचविशीतल्या सुनांमध्येही पाहिलंय आणि दहा वर्षांच्या पोरींमध्येही.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी लोणच्याच्या कैऱ्या पुसत बसले होते. तेलकट हातांनीच वाचलं, मग हात धुऊन पुन्हा वाचलं. पहिल्या वाचनात वाटलं, या बाईंना एकाच वेळी दोन उलट गोष्टी हव्यात. दुसऱ्यांदा वाचताना दिसलं की तुम्ही तीन निरनिराळ्या गोष्टींची एक मोळी बांधलीय आणि तिला 'उन्हाळा संपला' असं नाव दिलंय. एक तुमचा थकवा, दुसरं नातवाचं ते वाक्य, तिसरी नदी. डोक्यावर एकत्र घेतल्या म्हणून जड झाल्या आहेत. आपण मोळी सोडू.

थकव्यापासून सुरुवात करते, कारण लाज तुम्हाला त्याचीच वाटतेय. रोजच्या ४० पोळ्या म्हणता. एप्रिलअखेर ते जूनचा पहिला आठवडा, म्हणजे ४० दिवस धरू. १,६०० पोळ्या झाल्या. यात भात, आमटी, पाट्यावरची चटणी आणि संध्याकाळची भेळ-भडंग काहीच धरलेलं नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात सांगलीत एक दिवस असा येतो की भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो आणि अंगणातल्या उभ्या काठीची सावलीच पडत नाही. पारा चाळिशीला टेकलेला असतो. त्याच दिवसांत तुम्ही गव्हाचा चीक शिजवून कुरडया घातल्या असणार, नातवंडं चिकाची वाटी घेऊन भोवती उभी असणार. एवढं करणाऱ्या बाईने 'आता पुरे' असं म्हटलं, आणि तेही मनातल्या मनात. यात गुन्हा कुठला झाला?

माझं माहेर कराडजवळचं. मे महिन्यात आमच्याकडे आत्या-मावश्यांची मिळून चौदा पोरं असायची. फाट्यावरून शेवटची एसटी सुटली की आई घरी येऊन पहिली गोष्ट काय करायची, तर परसात धुण्याच्या दगडावर बसून एकटीने चहा प्यायची. बशीत ओतून, सावकाश. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जो निवांतपणा असायचा तो आम्हाला वर्षभरात परत दिसायचा नाही. आणि त्याच रात्री भाताचं आधण ठेवायची ते वीस माणसांचं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पुढचा आठवडाभर आम्ही सकाळी फोडणीचा भात खायचो. वडील चिडायचे. ती म्हणायची, "हाताला माप सापडेना, मी काय करू?"

तो चहाही खरा होता आणि ते आधणही. आईला त्यातलं एक खोटं ठरवावं असं कधी वाटलं नाही. तुम्हाला ते वाटतंय, म्हणून तुमची तगमग होतेय.

आयुर्वेदात ऋतुसंधी म्हणून एक कल्पना आहे. जाणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात. या पंधरवड्यात जुन्या ऋतूच्या सवयी हळूहळू सोडायच्या आणि नव्या हळूहळू धरायच्या, एकदम तोडायच्या नाहीत, नाहीतर दुखणं ओढवतं, असं सांगितलंय. ते आहाराविहाराबद्दल आहे. पण आईच्या हाताला माप सापडायला नेमका तेवढाच वेळ लागायचा हे मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे घरालाही ऋतुसंधी लागत असावी असं माझं आपलं मत. तुम्ही काय केलं असेल ते मी इथे बसून सांगते. कोयना सुटली, घरी आलात, डोळे पुसलेत आणि दुपारी चारच्या आत गाद्या माळ्यावर, जादाची ताटं फडताळात, कॅरम भिंतीला. बरोबर ना? काम केलं की बरं वाटेल म्हणून. घर एका दिवसात अकराचं दोनाचं केलंत, मग रात्री घास कसा उतरणार? निदान एक गादी खाली काढा. कॅरम आठवडाभर जमिनीवर राहू दे, यजमानांशी एखादा डाव खेळा. हरलात तरी चालेल.

आता जरा कडू बोलते, राग मानू नका. अकरा माणसांत हात बावीस होते. पोळ्या लाटणारे किती होते? पत्रात मुलगा आहे, सून आहे, लेक आहे, पण स्वयंपाकघरात तुमच्याशिवाय कुणी दिसलं नाही. कदाचित सून आणि लेक येत असतील आणि तुम्हीच हाकलत असाल: 'तुम्ही वर्षभर राबता, इथे तरी आराम करा.' आपल्या पिढीतल्या बायकांना ही खोड आहे, मलाही होती. मे महिना घरातल्या सगळ्यांची सुट्टी आणि एकीची हजेरी, अशी व्यवस्था आपणच लाडाने चालू ठेवतो आणि मग दिनदर्शिकेवर रेघा मारतो. पुढच्या वर्षी कुरडया-सांडगे बचतगटाच्या बायकांकडून घ्या. हातच्या कुरडईची चव वेगळी असते, मान्य. एक घाणा घरी करा, नातवंडांना चीक खायला मिळण्यापुरता. रात्रीचं जेवण मुलाकडे द्या. पिठलं-भात करील, करपवील, शिकेल. पुण्यात स्वतःच्या घरी तो करतच असेल, इथे आला की पाय पसरतो.

हे झालं सोपं. आता पत्रातलं ते वाक्य. क्लास आहे, जमणार नाही.

तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे ढगांकडे गेलात. मला वाटतं, पत्र त्या ओळीसाठीच लिहिलं गेलं. बाकी सगळं तिच्याभोवतीचं गवत आहे. सुट्टी दरवर्षी संपते, ते तुम्हाला नवीन नाही. या वर्षी मात्र एक विशिष्ट प्रकारचा उन्हाळा संपला असावा, सहा आठवड्यांचा, गच्चीवर ओळीने गाद्या घालण्याचा. पुढच्या मेमध्ये थोरला नाही, दोन वर्षांनी धाकटं आठवीत, मग ठाण्याची पोर. हे दुःख खरं आहे आणि त्याला औषध नाही. 'मुलं मोठी व्हायचीच' असं तुम्हाला शेजारणीने सांगितलं असेल. तिचं म्हणणं चूक नाही, पण त्याने घास उतरत नाही हेही तितकंच खरं.

फोनवर त्याला 'ये रे, चार दिवस तरी ये' असं आळवू नका. तेरा वर्षांचा मुलगा आहे, त्याला आत्ताच गणित आणि आजी यांतून एक निवडायला लावू नका. क्लासवाल्यांना शिव्याही त्याच्यासमोर नकोत. (माझ्यासमोर घाला, मी साथ देईन. आठवीतल्या पोरांच्या मे महिन्यावर हक्क सांगणारी ही नवी सावकारी मला अजिबात पटत नाही.) आणि सुनेमार्फत निरोप तर मुळीच नको. निरोप पुण्याला पोचेपर्यंत त्याची तक्रार झालेली असते.

तुमच्या जवळच हरिपूर आहे. तिथली हळदीची पेवं तुम्ही पाहिली असतील, नसली तर ऐकली असतील. जमिनीच्या पोटात खोल खड्डे, त्यात हळद भरून तोंड बंद करायचं. हवा लागत नाही, कीड लागत नाही, वर्षानुवर्षं माल जसाच्या तसा. पिढ्यान्पिढ्या चाललेली सोय. २००५च्या पुरात पाणी पेवांत शिरलं आणि जी गोष्ट एवढी वर्षं बिनघोर होती तिचं होत्याचं नव्हतं झालं. आता सांगलीची हळद गोदामांत, शीतगृहांत राहते, निरनिराळ्या जागी.

तुम्हीही माणसांच्या बाबतीत एकच पेव ठेवलंय, मे महिन्याचं. सगळी नाती त्यात भरायची, त्या ४० दिवसांत राब राब राबायचं, मग तोंड बंद करून साडेदहा महिने बसायचं. म्हणून मेमध्ये जीव मेटाकुटीला येतो आणि जूनमध्ये घर खायला उठतं. दोन्हींचं कारण एकच आहे, ताई. तुमच्या भावना एकमेकींविरुद्ध नाहीत, त्या एकाच गर्दीतून आल्यात. नातू मेमध्ये येणार नसेल तर इतर अकरा महिने अजून कुणी तोडलेले नाहीत. कर्नाटकी बेंदराला तुमच्याकडे मातीचे बैल येतात, ते त्याने कधी पाहिलेत का? गणपतीत सांगली कशी दिसते हे त्याला ठाऊक आहे? सांगलीच्या गणपतीचं देऊळ त्याला उन्हात तापलेल्या फरशीवरून पळत जायचं ठिकाण म्हणून माहीत असेल, बस. दोन-दोन दिवसांच्या भेटी मागा. दोन दिवस कुठलाही क्लास देतो. आणि दोन दिवसांच्या पाहुण्याला ४० पोळ्या लागत नाहीत.

तुम्हीही उलट बाजूने कोयनेत बसा की. आजीने पुण्याला जाऊन चार दिवस राहिल्याने कुणाच्या अभ्यासाचं बिघडत नाही. फक्त तिथे जाऊन ओटा ताब्यात घेऊ नका.

आता नदी.

मी सासरची वाईची. तुमच्याकडे जे पाणी येतं त्यातलं थोडं आधी आमच्या घाटावरून जातं, म्हणून तुम्ही पाण्याचं लिहिलंत तेव्हा मला जरा अपराध्यासारखंच झालं. ढग पाहून पोटात गोळा येतो याला 'मनाचे खेळ' म्हणू नका आणि कुणाला म्हणू देऊ नका. ज्या घरात छातीभर पाणी चार दिवस उभं राहिलं, ते ओसरल्यावर ज्या बाईने खराट्याने गाळ ओढला, भिंतींचा तो वास महिनोन्महिने सोसला, तिचं पोट ढग ओळखणारच. २००५ झालं, २०१९ झालं, २०२१च्या जुलैत परत झालं. पोटाला हे पाठ आहे.

सांगलीचं दुखणं असं की पूर तुमच्या पावसाने येतच नाही. शहरात वर्षभरात पडतो तो पाऊस ६०० मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वरला तोच ५,००० मिलिमीटरच्या वर जातो. तिकडे कोसळतं, कोयना धरणाची १०५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) साठवण भरत येते, दरवाजे उचलले जातात, कोयना कराडला कृष्णेत मिसळते आणि खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते. तुमच्या अंगणात नुसती भुरभुर चालू असते आणि नदी गल्लीच्या तोंडाशी येते. आपल्या डोक्यावर न पडलेल्या पावसाची भीती बाळगायची म्हणजे दूरच्या बातम्यांवर जगणं आलं, आणि बातमीला तर वेळकाळ नसतो. एक कोयना तुमची पोरं घेऊन जाते आणि महिन्या-दीड महिन्याने दुसरी कोयना पाणी घेऊन येते. तुम्ही जूनमध्ये बेचैन होता यात नवल काय?

भीती घालवा असं मी म्हणणार नाही. तिला आकडा द्या. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गावभागातल्या प्रत्येक गल्लीला आपला फूट माहीत असतो: अमुक फुटाला कोपऱ्यावर, तमुक फुटाला आमच्या पायरीवर. तुमचा आकडा तुम्हाला झोपेतसुद्धा सांगता येईल. तो एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि त्याच्या अलीकडे कामं लिहा. जूनअखेरपर्यंत घराची कागदपत्रं, बँकेची पुस्तकं, आधार कार्डं प्लॅस्टिकच्या पिशवीत वरच्या मजल्यावर. महिनाभराची औषधं एका डब्यात. धान्याच्या कोठ्या यंदा खाली भरूच नका, बेगमी वर करा. गुडघे कुरकुरतील, पण एकदाच. पाणी ३५ फुटांवर गेलं की सिलिंडर आणि फ्रीज वर न्यायला कोण येणार त्या दोन पोरांची नावं आणि नंबर आत्ताच लिहून ठेवा. चाळिसाला बॅग भरायची. आणि निघायचं ते दिवसाउजेडी, बोलवायला बोट येईपर्यंत थांबायचं नाही. कुणाकडे जायचं हे त्या घरी आजच सांगून ठेवा, म्हणजे ऐन वेळी संकोच आड येणार नाही. खूप जणांचा जीव त्या संकोचाने टांगणीला लागला होता, हे तुम्ही पाहिलंय.

कागद भिंतीला लावलात की मोबाइलमधले ते पुराचे व्हिडिओ बंद. अर्धे जुने असतात, काही तर दुसऱ्याच नदीचे. सकाळ-संध्याकाळ सरकारी आकडा बघायचा, बास. खरं तर तेही तुम्ही बघू नका. यजमान निवृत्त आहेत ना? पाणी चढायला लागलं की सांगलीतले पुरुष पुलाच्या आसपास जमतातच, तिथे त्यांचं अर्धं अधिवेशन भरतं. त्यांनी आकडा आणावा, तुम्ही कागदाशी ताडून बघावा.

आणि भिजलात त्याचं काय? तुम्ही ते असं लिहिलंय जणू शत्रूच्या घरी जेवून आलात. पण वळीव म्हणजे पूर नव्हे. तो तुमच्याच अंगणावर तापलेल्या हवेचा, दुपारी चढून संध्याकाळी मोकळा होणारा, दोन थेंब गारांचे टाकून जाणारा पाऊस. त्यात भिजणाऱ्या बाईने महिनाभर शेगडीपुढे काढला होता. तुमच्याच जिल्ह्यात जतला, आटपाडीला याच ढगांकडे बायका हात जोडून बघतात आणि ते नुसतेच पुढे सरकले तर त्यांच्या पोटात गोळा येतो. एका जिल्ह्यात एकाच ढगाचे दोन अर्थ होतात, मग एका बाईच्या मनात का होऊ नयेत? कृष्णेला तुम्ही माईच म्हणता ना, २०१९ नंतरही?

नातवंडांच्या इंग्रजी पुस्तकांत उन्हाळा संपला की लगेच पानं पिवळी होऊन गळायला लागतात. आपल्याकडे पानगळ शिशिराची, आणि उन्हाळा नि शरद यांच्या मधे चार महिने पाणी उभं. त्यामुळे तिकडच्या लोकांना ऋतू बदलताना जी हुरहुर लागते ती त्यांना आटोपशीर मिळते. आपल्याला ती छत्री, ताडपत्री आणि आयर्विनच्या आकड्यासकट घ्यावी लागते. कोजागरीच्या सुमाराला पाणी निवळेल, घाटाच्या पायऱ्या मोकळ्या होतील. पुढे ऑक्टोबरचा उकाडा असा येईल की तुम्ही म्हणाल, पाऊस बरा होता. तेव्हा मला परत पत्र लिहू नका! त्याआधी भाद्रपदात एक दिवस काढा आणि दोघं कासच्या पठारावर जाऊन या. गेंद, तेरडा, सीतेची आसवं, सगळं एकदम फुललेलं असतं. शनिवार-रविवार टाळा, त्या दिवशी फुलांपेक्षा मोटारी जास्त.

एक गोष्ट राहिली, ती लिहिल्याशिवाय मला बरं वाटणार नाही. घास न उतरणं, झोप मोडणं, कशातच मन न लागणं हे दोन आठवड्यांच्या पुढे गेलं, तर त्याला पाहुणे गेल्याचं किंवा पावसाचं कारण देत बसू नका. डॉक्टरांकडे जा. किंवा १४४१६ फिरवा. ही सरकारची 'टेलिमानस' सेवा आहे, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. २०१९चं पाणी ज्यांच्या घरात शिरलं त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी ते कधी कुणाशी बोललंच नाही. तुम्ही निदान मला लिहिलंत.

आता त्या कोयी. तुम्ही ते सहज लिहून गेलात, मी मात्र तिथेच थांबले. आंब्याची कोय वाळली की उगवत नाही, ओली असतानाच मातीत जावी लागते. पोराने वेळेवर पुरल्यात. मृगाच्या सरी पडल्या की फुगतील, जुलै उजाडता उजाडता तांबूस कोंब वर येतील. आमच्या लहानपणी शाळा सुरू झाल्यावरचा हा पहिला उद्योग असे. उगवलेली कोय उपटायची, वरचं कवच सोलायचं, आतला बाठा एका बाजूने दगडावर घासत राहायचं, फट दिसली की तोंडाला लावून फुंकायचं. पिपाणी! मास्तर जप्त करायचे, आम्ही दुसरी घासायचो.

तुमच्या नातवाने आजवर दरवर्षी आंबा खाल्लाय आणि पाऊस यायच्या आत तो पुण्याला गेलाय. त्याला ही पिपाणी माहीत असण्याची शक्यताच नाही. तेव्हा कोंब वर आले की एक फोटो काढा, त्याला पाठवा आणि खाली एवढंच लिहा: 'जुलैच्या दुसऱ्या शनिवारी एक गंमत करायची आहे, रविवारी परत जा.' पाणी चढायचे दिवस बहुधा त्यानंतरचे, तरी निघण्याआधी पुलाचा आकडा बघून घ्या. पोळ्या सहा-सात पुरतील. घासायला खडबडीत दगड मात्र आत्ताच शोधून ठेवा, तुमच्या मागच्या दारी आता सगळी फरशी असेल.